सुपरकॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर? 'चेकपॉइंट' म्हणजे काय, समजून घ्या सोप्या भाषेत

मोबाईलवर गेम खेळताना शेवटच्या बॉसपर्यंत पोहोचायचं, तिथे मरायचं आणि पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची, असं असतं तर किती जणांनी तो गेम पूर्ण केला असता? म्हणूनच गेममध्ये मधेमधे 'चेकपॉइंट' असतात. तिथपर्यंतचा प्रवास सेव्ह झालेला असतो. मेलात तर तिथून पुढे सुरू.

हाच शब्द, अगदी हाच अर्थ घेऊन, सुपरकॉम्प्युटरच्या जगातही वापरतात. फरक एवढाच की तिथे पणाला लागलेली असते दहा-पंधरा दिवसांची गणितं, काही लाखांची वीज, आणि कधीकधी उद्याच्या पावसाचा अंदाज.

मी रहाटणीत राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या पिंपरी-चिंचवडकरांना गुरुवारी लाईट जाण्याची सवय आहे. देखभालीच्या कामासाठी महावितरण त्या दिवशी सप्लाय बंद ठेवतं. त्यामुळे 'काम चालू असताना मध्येच सगळं बंद पडणं' हा विषय आम्हाला वेगळा शिकवावा लागत नाही. पण एका लॅपटॉपचं काम सेव्ह करणं आणि एकत्र काम करणाऱ्या हजार कॉम्प्युटरचं काम सेव्ह करणं यात प्रचंड फरक आहे. तो फरक काय आणि ते जमवतात कसं, हे आज बघू.

प्रोग्रामची 'स्टेट' म्हणजे काय?

आधी एक छोटं उदाहरण. समजा तुम्ही एक प्रोग्राम लिहिला, जो १ पासून एक लाख कोटीपर्यंतच्या सगळ्या आकड्यांची बेरीज करतो. प्रोग्राम तासभर चालला आणि लाईट गेली. आता पुन्हा तिथूनच सुरू करायचं तर काय काय माहीत हवं?

फक्त दोन गोष्टी. आपण कितव्या आकड्यापर्यंत पोहोचलो होतो, आणि तोपर्यंतची बेरीज किती झाली होती. एवढे दोन आकडे दर मिनिटाला एका फाइलमध्ये लिहून ठेवले, तर लाईट गेल्यावर जास्तीत जास्त एका मिनिटाचं काम वाया जाईल.

या दोन आकड्यांना त्या प्रोग्रामची 'स्टेट' म्हणायचं. म्हणजे त्या क्षणाची पूर्ण परिस्थिती, जी हातात असेल तर प्रोग्राम पुढे असा चालतो जणू काही झालंच नव्हतं. स्टेट सेव्ह करणं म्हणजे चेकपॉइंट, आणि ती परत वाचून पुढे चालू करणं म्हणजे रिस्टार्ट.

तुमच्या फोनमध्ये हे रोज घडतं. अँड्रॉइडमध्ये रॅम कमी पडली की बॅकग्राउंडमधलं ॲप सिस्टीम बंद करून टाकते. तरीही तुम्ही परत त्या ॲपवर गेलात की तुमचा अर्धवट लिहिलेला फॉर्म बऱ्याचदा तसाच दिसतो. कारण ॲप बंद होण्याआधी अँड्रॉइड त्याला सांगतं, "तुझी महत्त्वाची माहिती या पिशवीत टाकून दे." त्या पिशवीला अँड्रॉइडच्या भाषेत 'बंडल' म्हणतात. ज्या ॲपमध्ये डेव्हलपरने हे नीट केलेलं नसतं, तिथे फोन आडवा फिरवला तरी भरलेला फॉर्म कोरा होतो. हा अनुभव तुम्हाला नक्की आला असेल!

पुणे आणि सुपरकॉम्प्युटर

आता मोठ्या मशीनकडे वळू. त्यासाठी लांब जायची गरज नाही. रहाटणीहून औंधमार्गे पाषाणला गेलात की भारताच्या सुपरकॉम्प्युटरचा बराचसा इतिहास तिथेच भेटतो.

पुण्यात १९८८ मध्ये 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा सुपरकॉम्प्युटर तयार केला. २००७ मध्ये पुण्यातल्याच टाटांच्या 'कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज'चा 'एका' जगातल्या टॉप ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत चक्क चौथा आला. पाषाणच्या 'आयआयटीएम'मध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप्सचा 'प्रत्युष' आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्का'. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १ वर १५ शून्यं इतकी गणितं.

हा वेग एका चिपमधून येत नाही. हजारो प्रोसेसर एकाच वेळी, एकाच प्रश्नावर काम करतात. यालाच पॅरलल कॉम्प्युटिंग म्हणतात. त्यातल्या एकेका कॉम्प्युटरला 'नोड' म्हणायचं.

हवामानाचं उदाहरण घेऊ. पृथ्वीच्या नकाशावर चौकोनांचं जाळं टाकतात. आयआयटीएमने विकसित केलेल्या आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये हा चौकोन साधारण ६ किलोमीटरचा आहे. प्रत्येक नोडला नकाशाचा एक तुकडा वाटून दिलेला असतो. तो आपल्या तुकड्यातलं तापमान, वारा, दमटपणा, दाब यांचं गणित करतो. पण वारा काही नोडची हद्द बघून थांबत नाही! त्यामुळे गणिताच्या प्रत्येक पावलानंतर शेजारचे नोड आपापल्या कडेची माहिती एकमेकांना पाठवतात. ती आली की पुढचं पाऊल.

गडबड होते ती इथेच. एक नोड बंद पडला तर त्याचे शेजारी त्याच्या निरोपाची वाट बघत थांबतात. मग त्यांचे शेजारी थांबतात. थोड्या वेळात सगळं गाडं अडतं. असे प्रोग्राम लिहायला 'एमपीआय' नावाची पद्धत सगळ्यात जास्त वापरतात. त्यात तर साधारणपणे एक प्रोसेस मेली की सगळा जॉबच बंद केला जातो. म्हणजे ९९९ नोड ठणठणीत असतात, एक आजारी पडतो आणि सगळ्यांचं काम जातं.

जितके जास्त नोड, तितके जास्त बिघाड

"पण एवढे महागडे कॉम्प्युटर बंद पडतातच कशाला?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. उत्तर साध्या भागाकारात आहे.

समजा एक नोड एवढा चांगला आहे की सरासरी पाच वर्षांत एकदाच बिघडतो. पाच वर्षं म्हणजे जवळपास ४३,८०० तास. असे १,००० नोड एकत्र जोडले तर त्यांपैकी कुठला ना कुठला नोड सरासरी दर ४४ तासांनी बिघडणार. १०,००० नोड असतील तर दर साडेचार तासांनी! नोड तोच, दर्जाही तोच, फक्त संख्या वाढली.

खरं उदाहरण हवं असेल तर मेटाचं बघा. त्यांनी 'लामा ३' हे एआय मॉडेल १६,३८४ जीपीयूवर ट्रेन केलं. त्यातल्या ५४ दिवसांचा हिशोब त्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळात काम अनपेक्षितपणे ४१९ वेळा थांबलं. म्हणजे सरासरी दर तीन तासांनी एकदा. त्यातली बहुतेक कारणं हार्डवेअरची होती. तरीही एकूण वेळेच्या ९० टक्क्यांहून जास्त वेळ खऱ्या कामात गेला. हे शक्य झालं त्यात चेकपॉइंट आणि झटपट रिस्टार्टचा मोठा वाटा आहे.

बिघाडही नाना प्रकारचे असतात. पॉवर सप्लाय जळतो, केबल सैल होते, कूलिंग बंद पडतं. आणि एक गमतीशीर कारण म्हणजे अंतराळातून येणारे कॉस्मिक किरण. त्यांच्यामुळे मेमरीतला एखादा ० चा १ होऊ शकतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकने २००३ मध्ये ॲपलचे १,१०० पॉवर मॅक जोडून सुपरकॉम्प्युटर बनवला होता. टॉप ५०० मध्ये तो तिसरा आला. पण त्या मशीनमध्ये अशा चुका पकडणारी 'ईसीसी' मेमरी नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी ती सगळी मशीन काढून ईसीसी मेमरी असलेली बसवली.

आता हिशोब करा. तुमचा जॉब १० दिवसांचा, म्हणजे २४० तासांचा आहे आणि मशीन सरासरी दर ४० तासांनी कुठेतरी बिघडतं. चेकपॉइंट नसेल तर एकही बिघाड न होता जॉब पूर्ण होण्याची शक्यता किती? साधारण ४०० मध्ये १. बाकी ३९९ वेळा पहिले पाढे पंचावन्न!

माझी एक मैत्रीण एमटेकला असताना तिच्या कॉलेजच्या क्लस्टरवर असाच एक जॉब चालवत होती. सहाव्या दिवशी रात्री इमारतीचा सप्लाय गेला आणि यूपीएसने काही मिनिटांत मान टाकली. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये रिस्टार्ट फाइल लिहायची सोय होती. पण ती सोय चालू करावी लागते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सबमिशनला आठ दिवस राहिले होते. शेवटी तिने मॉडेल छोटं करून, निम्म्या केसेस वगळून थिसिस दिला. पदवी मिळाली, पण जे उत्तर शोधायला ती दोन वर्षं बसली होती ते अर्धवटच राहिलं. या लेखातली माहिती कोणाच्या तरी वेळेत उपयोगी पडावी, एवढीच माझी इच्छा आहे.

हजार नोडचा एकत्र 'फोटो' काढायचा कसा?

एका कॉम्प्युटरची स्टेट सेव्ह करणं सोपं आहे. हजार नोडची करायची तर एक अवघड प्रश्न उभा राहतो. प्रत्येक नोडचं घड्याळ किंचित वेगळं असतं आणि काही निरोप वायरमध्ये, म्हणजे अर्ध्या रस्त्यात असतात.

पैशाच्या उदाहरणाने बघू. तुमच्याकडे २,००० रुपये आहेत आणि मित्राकडे १,०००. एकूण ३,०००. तुम्ही त्याला ५०० पाठवता.

आता समजा तुमच्या खात्याचा फोटो पैसे पाठवल्यानंतर काढला, पण मित्राच्या खात्याचा फोटो पैसे पोहोचण्याआधी काढला. तुमचे १,५०० आणि त्याचे १,०००. बेरीज २,५००. पाचशे रुपये गायब! ते रस्त्यात होते आणि कोणत्याच फोटोत आले नाहीत.

उलटं झालं तर? तुमचा फोटो पाठवण्याआधी, त्याचा फोटो मिळाल्यानंतर. २,००० आणि १,५००. बेरीज ३,५००. पाचशे रुपये हवेतून तयार झाले! अशा फोटोवरून रिस्टार्ट केलं तर तुम्ही ते पैसे पुन्हा पाठवणार आणि मित्राला दोनदा मिळणार. हवामानाच्या मॉडेलमध्ये असं झालं तर एखाद्या चौकोनात एकाच वाऱ्याची नोंद दोनदा होईल आणि पुढचं सगळं गणित चुकेल.

यावर तीन प्रकारचे उपाय आहेत.

पहिला उपाय, सगळ्यांनी एकदम थांबायचं. शाळेत पीटीच्या तासाला सर शिट्टी वाजवायचे आणि सगळे जागच्या जागी उभे राहायचे, तसं. गणिताचं एक पाऊल संपलं, सगळे निरोप पोहोचले, रस्ता रिकामा झाला की सगळे नोड आपापली स्टेट लिहितात आणि मग पुढे जातात. हे सोपं आहे आणि सुपरकॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त हेच वापरतात, कारण हवामानासारख्या प्रोग्राममध्ये अशा थांबायच्या जागा आपोआपच मिळतात.

दुसरा उपाय, न थांबता फोटो काढायचा. १९८५ मध्ये मणी चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी याची एक सुंदर युक्ती मांडली. फोटो सुरू करणारा नोड आधी स्वतःची स्टेट लिहितो आणि लगेच सगळ्या शेजाऱ्यांना एक 'मार्कर', म्हणजे खूण पाठवतो. ज्याला ही खूण पहिल्यांदा मिळते तो लगेच स्वतःची स्टेट लिहितो आणि खूण पुढे पाठवतो. त्यानंतर इतर रस्त्यांवरून, तिथली खूण येईपर्यंत जे निरोप येतात, तेही तो फोटोचा भाग म्हणून लिहून ठेवतो. निरोप ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने पोहोचत असतील, तर एकही निरोप हरवत नाही आणि एकही दोनदा मोजला जात नाही. रस्त्यातले पाचशे रुपयेही हिशोबात येतात.

तिसरा उपाय, ज्याने त्याने आपल्या सोयीने सेव्ह करायचं. ऐकायला छान वाटतं, पण यात मोठा धोका आहे. समजा 'क' नोड बिघडला आणि आपल्या जुन्या चेकपॉइंटवर मागे गेला. पण त्यानंतर त्याने 'ख'ला पाठवलेला निरोप 'ख'कडे आधीच पोहोचलाय. म्हणजे 'ख'लाही मागे जावं लागणार. 'ख' मागे गेला की त्याचा निरोप मिळालेला 'ग' मागे. 'ग'मुळे पुन्हा 'क' आणखी मागे. एका विटेने दुसरी पाडावी तसं होत होत सगळे पार सुरुवातीला जाऊन पोहोचू शकतात. याला 'डोमिनो इफेक्ट' म्हणतात आणि ब्रायन रँडेल यांनी १९७५ मध्येच तो दाखवून दिला होता. हे टाळायला आलेला प्रत्येक निरोप वेगळा लिहून ठेवावा लागतो, म्हणजे बिघडलेला नोड एकटाच मागे जाऊन तेच निरोप पुन्हा वाचत पुढे येऊ शकतो.

किती वेळाने सेव्ह करायचं?

मग दर मिनिटाला चेकपॉइंट घेतला तर? नको. कारण चेकपॉइंट फुकट होत नाही. ती माहिती डिस्कवर लिहायला वेळ लागतो आणि सगळे थांबलेले असताना खरं काम बंद असतं. फार उशिरा घेतला तर बिघाड झाल्यावर खूप काम वाया जातं. मग सुवर्णमध्य कुठे?

याचं सूत्र जॉन यंग यांनी १९७४ मध्ये दिलं आणि आजही ते वापरतात. सूत्र असं: एक चेकपॉइंट लिहायला लागणारा वेळ घ्या, त्याला दोन बिघाडांमधल्या सरासरी वेळेने गुणा, त्याची दुप्पट करा आणि वर्गमूळ काढा. झालं!

करून बघू. चेकपॉइंटला ५ मिनिटं लागतात आणि बिघाड सरासरी दर ४० तासांनी, म्हणजे २,४०० मिनिटांनी होतो. ५ गुणिले २,४०० म्हणजे १२,०००. दुप्पट २४,०००. वर्गमूळ साधारण १५५ मिनिटं. म्हणजे दर अडीच तासांनी चेकपॉइंट घ्या.

याचा खर्च किती?

दर १५५ मिनिटांनी घेतला तर लिहिण्यात साधारण ३.२ टक्के वेळ जातो. बिघाड झाल्यावर सरासरी अर्धा अंतर, म्हणजे ७७ मिनिटांचं काम वाया जातं. तेही २,४०० मिनिटांतलं म्हणजे ३.२ टक्केच. एकूण साडेसहा टक्क्यांच्या आत.

दर १० मिनिटांनी घेतला तर प्रत्येक १० मिनिटांच्या कामामागे ५ मिनिटं लिहिण्यात. ५० टक्के जास्तीचा वेळ!

दिवसातून एकदाच घेतला तर लिहिण्याचा खर्च नगण्य, पण वाया जाणारं काम ३० टक्के.

एक गोष्ट लक्षात आली का? सगळ्यात चांगल्या अंतरावर लिहिण्याचा खर्च आणि वाया जाण्याचा खर्च सारखेच येतात. सूत्र विसरलात तरी हे लक्षात ठेवा. दोन्ही पारडी सारखी झाली की तुम्ही बरोबर जागी आहात.

सेव्ह करायचं कुठे?

समजा १,००० नोड आहेत आणि प्रत्येकाची २०० जीबी स्टेट लिहायची आहे. एकूण २०० टीबी. सगळ्यांची मिळून जी सामायिक डिस्क आहे तिचा वेग सेकंदाला १०० जीबी धरला, तरी लिहायला २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं लागतील. सकाळी आठ वाजता सगळी हिंजवडी एकाच रस्त्याने निघते तशी अवस्था!

म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांवर सेव्ह करतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचं 'एससीआर' नावाचं सॉफ्टवेअर अशाच पद्धतीसाठी ओळखलं जातं. वारंवार होणारी सेव्ह नोडच्या स्वतःच्या मेमरीत किंवा एसएसडीवर करायची. ते सेकंदांत होतं. त्याची एक प्रत शेजारच्या नोडवर ठेवायची, म्हणजे एक नोड पूर्ण गेला तरी माहिती शिल्लक. आणि कधीतरीच, काही तासांनी एकदा, सगळं मोठ्या डिस्कवर लिहायचं.

पूर्ण प्रत ठेवायला जागा नसेल तर आणखी एक युक्ती आहे. तीन नोडकडे १२, ७ आणि २० हे आकडे आहेत. चौथ्याकडे फक्त बेरीज ठेवा, ३९. आता दुसरा नोड जळाला. ३९ मधून १२ आणि २० वजा करा, ७ परत मिळाला! खऱ्या सिस्टीममध्ये बेरजेच्या जागी 'एक्सॉर' नावाची क्रिया असते, पण कल्पना हीच.

याशिवाय लिहायची माहितीच कमी करता येते. मागच्या वेळेपेक्षा जे बदललं तेवढंच लिहायचं. किंवा ज्याने प्रोग्राम लिहिला त्यानेच ठरवायचं की काय जपायचं आणि काय पुन्हा काढता येईल. आपल्या बेरजेच्या प्रोग्रामला दोनच आकडे पुरले होते, आठवतंय ना? प्रोग्रामला हातही न लावता बाहेरून सगळी मेमरी सेव्ह करणारी 'डीएमटीसीपी' आणि लिनक्सवरचं 'क्रिऊ' अशी टूल्सही आहेत. ती सोयीची आहेत, पण सगळं सामान बांधून घेतात, म्हणून फाइल मोठी होते.

पाऊस आणि गाड्या

हे सगळं आपल्या आजूबाजूला कुठे वापरतात?

हवामानासाठी जगभर वापरलं जाणारं 'डब्ल्यूआरएफ' मॉडेल घ्या. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'रिस्टार्ट इंटरव्हल' असा एक आकडा मिनिटांत द्यायचा असतो. मॉडेलमधली तेवढी मिनिटं झाली की ते रिस्टार्ट फाइल लिहितं. उद्याचा अंदाज आज संध्याकाळी हवा असतो. परवा मिळालेला उद्याचा अंदाज कोणाच्याच कामाचा नाही, शेतकऱ्याच्याही नाही आणि नदीकाठच्या गावाच्याही नाही. त्यामुळे मशीन बिघडलं तरी सगळं पहिल्यापासून करायला वेळच नसतो.

हवामानबदलाचा अभ्यास तर आणखी लांबलचक असतो. आयआयटीएमचं 'अर्थ सिस्टीम मॉडेल' हे जागतिक हवामान मॉडेलांच्या 'सीएमआयपी ६' या प्रकल्पात भारतातून सहभागी झालं. त्या प्रकल्पातला नुसता इतिहासाचा भाग १८५० ते २०१४, म्हणजे १६५ वर्षांचा आहे. एवढं गणित एका दमात होतच नाही. काही काळ चालवायचं, रिस्टार्ट फाइल लिहायची, पुन्हा तिथून पुढे, असं तुकड्यातुकड्याने जातात.

आणि आपला चाकण-पिंपरीचा पट्टा! इथल्या गाड्या खऱ्या भिंतीवर आदळण्याआधी कॉम्प्युटरमध्ये अनेकदा आदळतात. त्यासाठीच्या 'एलएस-डायना' सॉफ्टवेअरमध्ये धडकेची सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी घटना साधारण एक लाख किंवा त्याहून जास्त बारीक पावलांत मोडून काढतात. जॉब क्लस्टरवर कित्येक तास चालतो. मधेमधे 'डी-थ्री-डम्प' नावाची फाइल लिहिली जाते. ती म्हणजेच चेकपॉइंट. आमच्या सोसायटीतच असं काम करणारे दोघे-तिघे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी जॉब लावून सोमवारी सकाळी उत्तर बघणाऱ्या माणसाला त्या फाइलची किंमत विचारा!

बिघाड झाला नाही तरी चेकपॉइंट लागतोच. सामायिक सुपरकॉम्प्युटरवर बहुतेक ठिकाणी एका जॉबला ठराविक वेळच मिळतो. वेळ संपली की जॉब बंद. पुढचा नंबर लागला की रिस्टार्ट फाइल घेऊन परत रांगेत.

चेकपॉइंट काय करू शकत नाही

दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

प्रोग्राममध्येच बग असेल तर रिस्टार्ट केल्यावर तो त्याच जागी पुन्हा पडेल. आणि बिघाड गुपचूप झाला, म्हणजे एखादा आकडा बदलला पण प्रोग्राम चालूच राहिला, तर ती चुकीची स्टेटही इमानदारीने सेव्ह होते. म्हणून एकच चेकपॉइंट ठेवत नाहीत. मागचे दोन-तीन जपून ठेवतात आणि फाइलबरोबर तपासणीचा आकडा, म्हणजे 'चेकसम' लिहितात.

आणि चेकपॉइंट लिहिता लिहिताच लाईट गेली तर? जुन्या फाइलवरच नवीन लिहीत असाल तर दोन्ही गेल्या. म्हणून नियम असा: नवीन माहिती तात्पुरत्या नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहा. ती डिस्कवर पोहोचल्याची खात्री करा. मगच तिचं नाव बदलून तिला खरा चेकपॉइंट बनवा. जुनी फाइल त्यानंतरच काढा.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही कॉलेजमध्ये असाल आणि गुगल कोलॅबवर एआय मॉडेल ट्रेन करत असाल, तर सेशन मध्येच तुटतं हे तुम्हाला माहीत आहेच. काही वेळाने मॉडेल ड्राइव्हवर सेव्ह करत जा. फक्त मॉडेलचे आकडे सेव्ह करून भागत नाही. ऑप्टिमायझरची स्टेट, कितवा इपॉक चालू होता तो आकडा आणि जमल्यास रँडम नंबरची स्टेटही सेव्ह करा. नाहीतर रिस्टार्ट होईल, पण ट्रेनिंग वेगळ्याच वाटेने जाईल.

अँड्रॉइड ॲप बनवत असाल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोंट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाचं बटण आहे. ते चालू करा, तुमच्या ॲपमध्ये अर्धा फॉर्म भरा, होम बटण दाबा आणि परत या. फॉर्म कोरा दिसला तर समजा, तुमच्या ॲपला चेकपॉइंट नाही. टेस्ट झाली की ते बटण बंद करायला विसरू नका.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. चेकपॉइंट चालू केला की एकदा मुद्दाम जॉब बंद करा आणि त्या फाइलवरून सुरू करून बघा. न थांबता चालवलेल्या जॉबचं उत्तर आणि रिस्टार्ट केलेल्या जॉबचं उत्तर जुळतंय का ते तपासा. हे काम पहिल्याच दिवशी, दहा मिनिटांच्या छोट्या जॉबवर करा. दहा दिवसांच्या जॉबवर नवव्या दिवशी करायची वेळ येऊ देऊ नका.